हात दे रं

फोन भाच्याचा होता. "मामा, आई..." एवढंच बोलला. मी "हां, निघालोच" म्हणालो आणि केडगावच्या घरासमोर गाडी पुसतच राहिलो. शेवटी बायकोने हातातलं फडकं काढून घेतलं. माझी थोरली बहीण, आक्का, गेली त्याला आता दीड महिना झाला.

आक्का सोनईला दिलेली. दर रविवारी मी तिकडे मिस्साला, चर्चच्या प्रार्थनेला, जायचो. भक्ती थोडी, तिच्या हातच्या मटणाची ओढ जास्त, हे फादरही जाणून होते. तिथल्या चर्चमध्ये आम्ही दारात चपला काढून सतरंजीवर बसतो. बायकांच्या बाजूला कडेला आक्का, पुरुषांच्या बाजूला कडेला मी, मध्ये हातभर वाट. उठायची वेळ आली की वाटेवरून तिचा हात यायचा. "हात दे रं." ती अंगाने भरलेली, मी पोटाने. दोघं उभे राहीपर्यंत अर्धं गाणं संपलेलं असायचं.

उन्हाळ्यात तिचं जेवण तुटलं, महिनाभर चर्चला येणंही थांबलं, म्हणून तिला तपासायला पुण्याला नेलं. रिपोर्ट संध्याकाळी मिळणार होता. "तवर मला ते मोठं चर्च दाव," म्हणाली. कॅम्पातलं ते गोऱ्या साहेबाच्या काळातलं कॅथेड्रल मी एकदाच, तेही बाहेरून पाहिलेलं. तरी रिक्षात तिला सगळी माहिती सांगितली, निम्मी मनाची.

दाराशी आक्काने चपला काढल्या. लोक बूट घालून आत जात होते.

"आक्का, इथे चालतं गं."

"देवाला चालत असंल. मला न्हाई चालत."

मग मीही बूट काढले. मोज्यातून अंगठा बाहेर आलेला.

आत ती मान वर करून उंच कमानी, रंगीत काचा बघत राहिली. गावचं चर्च दर शनिवारी तीच झाडायची. "लई मोठं हाय रं... झाडायला किती बाया लागत्यात?" बाकांच्या रांगा ओलांडून ती पुढे गेली आणि वेदीसमोर सरळ फरशीवर बसली. मी बाक दाखवला.

"येवढ्या उंचावर बसून त्याच्याशी काय बोलायचं?"

मीही खाली बसलो. बराच वेळ तिचे ओठ हलत होते.

"रिपोर्टासाठी मागितलंस ना?"

"न्हाई. सोनईतनं बोलत हुते ते समदं पोचलं का, तेवढं इचारलं."

मग तिने हात पुढे केला. "हात दे रं." मी उठलो, नेहमीसारखा पाय रोवला, दम धरला, ओढलं... आणि आक्का इतकी अलगद वर आली, की तोल जाऊन मीच मागच्या बाकावर आपटलो. ती तोंडाला पदर लावून हसली. "पोट कमी कर, जाड्या!" मीही हसलो. तिचा हात माझ्या हातातच होता... नुसती हाडं. माझ्या तोंडाकडे पाहून ती हसायची थांबली.

"कळलं नव्हं? आता रिपोर्टाची घाई करू नगंस. हितं गार हाय. बसू वाईच."

अजूनही मी रविवारी सोनईला जातो. सतरंजीची ती कड बायकांनी मोकळी ठेवली आहे. कुणी सांगितलं नव्हतं. गाणं सुरू होतं, सगळे उठतात. माझा हात त्या वाटेवर जातो... मी बसलेलाच असतो. गाणं संपून सगळे पुन्हा खाली बसतात, तेव्हा कुठे मी तो मागे घेतो.