आमच्या घरचा राक्षस

आमच्या गावच्या जत्रेतल्या नाटकात राजा वरच्या वाड्याचा, विदूषक देवळाशेजारच्या घराचा आणि राक्षस आमचा. ज्याला अभिनय येतो त्याला भूमिका द्यावी, असला अविचार पेडण्यातल्या आमच्या गावाने कधी केला नाही. राजाला सूर सापडत नसे, तरी वीस वर्षं तोच गायला. जत्रेत ज्या घरातला माणूस उभा राहिला, भूमिका त्या घराची.

बाबांचा राक्षस आवाजावर चालायचा. साठी उलटल्यावर त्यांची कंबर धरली आणि त्यांनी मला बोलावलं. मी गेलो नाही. मी राज्याच्या संघात नवा चेंडू टाकत होतो आणि जत्रेच्या दिवसांतच आमचे सामने असत. तालमींना माझ्याऐवजी चुलतभाऊ उभा राहायचा, पण जत्रेच्या दिवशी बाबा कमरेला पट्टा आवळून स्वतः रंगमंचावर चढायचे. असं त्यांनी नऊ वर्षं केलं.

"भावाच्या घरात एकदा गेलो की मान परत येवचो नाय," ते म्हणायचे. "तू येयसर मी धरून रवतंय."

आणि मी कशासाठी जात नव्हतो? डावाने हरणं हा आमच्या संघाचा नित्यनेम होता. निवड समितीतले एक गृहस्थ तंबूत काजू चघळत बसत आणि चहाच्या वेळी मला विचारत, "तू डावखुरा ना रे?" मी नुकताच उजव्या हाताने दहा षटकं टाकून आलेला असे. स्लिपमधले महाशय झेल सोडून वर माझ्याकडेच रागाने बघत. पुढे गुडघा गेला आणि खेळाडू म्हणून मिळालेली डिचोलीच्या सरकारी कचेरीतली खुर्ची तेवढी राहिली.

मग मालिकावाले आले. त्यांना सहा फुटी माणूस हवा होता, अक्कल असली-नसली तरी चालणार होतं. तीन वर्षं मी एका खलनायकाच्या मागे काळा चष्मा लावून उभा राहिलो. दोनदा वाक्य मिळालं, त्यातलं एक कापलं. दिग्दर्शकाची दाढी वीतभर आणि समज टीचभर, पण त्याने एकदा खांदा थोपटून सांगितलं, "कमी करा, डोळ्यांतून बोला." ते मात्र मी वेदवाक्य मानलं.

त्या वर्षी बाबांना म्हटलं, येतो. त्यांनी लगेच नवीन शर्ट शिवायला टाकला. गावाने 'सुप्रसिद्ध कलाकार' म्हणून माझा फलक लावला, फोटो चेंडू टाकतानाचा. मला त्यात काही चुकीचं वाटलं नाही. पंधरा तालमींपैकी दोन केल्या. चुलतभाऊ मोपाच्या विमानतळावर बॅगा चढवतो, तो कामावरून थेट तालमीला यायचा.

"दादा, हंयसर आवाज वर काढूचो लागता," तो म्हणाला.

मी हसलो. बॅगा उचलणाऱ्याने मला शिकवावं!

आमचा राक्षस पडद्यामागून येत नाही. तो प्रेक्षकांच्या पाठीमागून, माणसांतून गर्जत येतो. मी हळूहळू, एक शब्द न बोलता, डोळ्यांतून बोलत आलो. एका म्हातारीने खुर्ची सरकवून मला "बस रे पुता" म्हटलं. रंगमंचावर चढून मी पहिलं वाक्य खालच्या आवाजात टाकलं. मागून ओरड झाली, "आवाज!" अडाणी लेकाचे, मी मनात म्हटलं, आणि आवाज आणखी खाली आणला.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून माझंच पुढचं वाक्य गर्जलं. बाबा उठले होते. खुर्चीची पाठ घट्ट धरून त्यांनी माझं सगळं भाषण म्हटलं आणि मी वर उभा राहून नुसते ओठ हलवले. मांडव त्यांच्याकडे वळून बसला होता. टाळ्या पडल्या, त्याही तिकडेच.

अंक संपला तसे बाबा रंगपटात आले. माझ्या डोक्यावरचा मुकुट काढला, मिशी सोडवली. मला वाटलं, आता स्वतः उभे राहतील. पण त्यांना धड उभंही राहवत नव्हतं. त्यांनी चुलतभावाला हाक मारली.

"तुका सगळा पाठ आसा मां?"

"आसा, काका. पण..."

"वाकव मान."

त्यांनी मिशी त्याच्या ओठावर दाबून बसवली. मी "बाबा" म्हटलं, त्यांनी मुकुट त्याच्या डोक्यावर ठेवला. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि दोष द्यायला आसपास दुसरं कोणी नव्हतं.

पुढच्या अंकात चुलतभाऊ माणसांतून असा गर्जत आला की पोरं किंचाळून आयांना बिलगली. बाबा पहिल्या रांगेत परत गेले नाहीत. माझ्याकडे पाठ करून, रंगपटाच्या भिंतीला टेकून, ते भावाच्या घरात गेलेला आपला राक्षस शेवटच्या शब्दापर्यंत ऐकत राहिले.