हळदीतली दोन मिनिटं

चहा घ्या आधी. आता जे सांगणार आहे ते ऐकून तुम्ही हसणार, आणि हसताना कप कलंडला तर मी जबाबदार नाही. हसायचं तर तोंडावर हसा. पाठीमागे हसणारे आमच्या कॉलनीत भरपूर झालेत.

तर मी एक हळद मोडली. म्हणजे मोडता मोडता राहिली, पण त्या दुपारी तासभर ती पूर्ण मोडलेली होती. आणि ती मोडायला मी कुणाला एक वाकडा शब्द बोलले नव्हते हो. उलट इतकी गोड बोलले, इतकी गोड बोलले, की माझ्या सासूबाईंनी ऐकलं असतं तर त्यांना चक्कर आली असती.

माझी कॉलेजातली मैत्रीण वैशाली. ती माहितीपट काढते. या वेळचा विषय होता जंगल आणि जंगलाशी नातं ठेवून जगणाऱ्या बायका. सगळं काम बायकांनीच करायचं हा तिचा हट्ट. दिग्दर्शन तिचं, कॅमेरा तिच्या भाचीचा, तन्वीचा, आणि आवाज माझ्याकडे. मी शाळेत संगीत शिकवते. पन्नास पोरांत कुणाचा सूर घसरला ते मला पाठ फिरवूनही कळतं. म्हणून वैशालीने माझ्या कानाला हेडफोन लावले.

मला वाटलं, आवाजाचं काम म्हणजे काय, माईक धरायचा आणि ऐकत बसायचं. कसलं काय! जंगलात सगळ्यात अवघड काम कोणतं असेल, तर शांतता रेकॉर्ड करणं.

खरंच सांगते. पडद्यावर जंगल दिसलं की मागे पाण्याची झुळझुळ, पानांची सळसळ आणि पाखरं, एवढंच ऐकू यायला हवं. त्यासाठी सलग दोन मिनिटांचा असा तुकडा लागतो, ज्यात माणसाचा म्हणून एक आवाज नाही. आमच्याकडे बाकी सगळं होतं, तेवढा तुकडा नव्हता. पहिल्या दिवशी विमान गेलं. दुसऱ्या दिवशी तन्वीचं पोट बोललं. तिसऱ्या दिवशी मी शिंकले, आणि ते जाऊ द्या. सोमवारी फिल्म एका महोत्सवाला पाठवायची होती आणि फिल्मचा शेवटच त्या दोन मिनिटांवर होता. चौथा दिवस उजाडला शनिवारचा.

जागा त्र्यंबकच्या पलीकडे, डोंगरावरची देवराई. देवाच्या नावाने राखलेलं रान, तिथली काडीसुद्धा कुणी तोडत नाही. आत एक झरा आहे, तो भर वैशाखातही वाहतो. आम्हाला तिथे नेणाऱ्या हौसाआजी, खालच्या वाडीतल्या. पंचाहत्तरीच्या असतील, पण चढावर आम्ही तिघी धापा टाकायचो आणि त्या पुढे जाऊन बसून आमची वाट बघायच्या. कोणत्या झाडाखाली काय उगवतं, कोणतं पाखरू कधी बोलतं, सगळं त्यांना तोंडपाठ. फिल्म त्यांच्यावरच होती.

त्या शनिवारी त्यांच्या नातीची, सविताची हळद होती. मी म्हटलं, "आजी, नातीची हळद सोडून वर कशाला येताय?"

"विधवा बाईचं हळदीत काय काम?" आजी म्हणाल्या. "कोपऱ्यात बसून बघायचं, त्यापरीस डोंगर बरा."

मला वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर त्या वेळी मला त्या दोन मिनिटांचीच जास्त काळजी होती.

झऱ्याकाठी आजींना डोळे मिटून बसवलं. तन्वीने कॅमेरा लावला, मी माईक लावला, आणि खालून डीजे सुरू झाला. अहो, ती वाडी डोंगराच्या अगदी पोटाशी. झऱ्याच्या पाण्याऐवजी माझ्या हेडफोनमध्ये 'धडाम धडाम' ऐकू यायला लागलं.

वैशाली म्हणाली, "ज्योती, तू खाली जा. गोड बोल, पाया पड, काय वाटेल ते कर, पण मला दोन मिनिटं शांतता मिळवून दे. सगळे गप्प झाले की मिस्ड कॉल टाक, मी रेकॉर्डिंग सुरू करते."

मी निघाले तशी आजींनी एक डोळा उघडला. "पोरी, चाललीस तं माझ्या चपला घिऊन जा. लग्नाला नव्या घेतल्यात, हितं माकडं पळवतील." देवराईत अनवाणी जायचं असतं, म्हणून चपला बाहेर काढून ठेवलेल्या. घेतल्या हातात.

आता माझा अवतार डोळ्यांपुढे आणा. सकाळी तोंडाला सनस्क्रीन थापलेलं, ते घामाबरोबर वितळून डोळ्यांत उतरलं. डोळे लालभडक आणि पाण्याच्या धारा. उतारावर घसरून एकदा छान बसकण मारली, तेव्हा कुर्ता मातीने माखला. करवंदीच्या जाळीत ओढणी फाटली. अशी मी, एकटी, हातात हौसाआजींच्या चपला घेऊन, धापा टाकत हळदीच्या मांडवात शिरले.

आजींच्या मुलाने, काशिनाथभाऊंनी, मला पाहिलं. मग चपलांकडे पाहिलं. त्यांनी हात वर केला आणि डीजे थांबला. मला वाटलं, व्वा, न सांगताच समजले, किती समंजस माणूस.

"काय झालं, म्याडम?"

मला बोलवेना, इतका दम लागलेला. मी चपला त्यांच्या बायकोच्या, मथुराताईंच्या हातात दिल्या. "आजींच्या आहेत. ठेवून घ्या."

"आन् आत्याबाई?" मथुराताईंनी सासूचं विचारलं.

"त्या वरच आहेत, झऱ्यापाशी," मी म्हटलं. "डोळे मिटून... अगदी शांत..." आणि मला खोकला आला. ते वाक्य तिथेच राहिलं बघा. पुढचं 'बसल्यात' तेवढं बाहेर आलं असतं, तर आज मी तुम्हाला हे सांगत बसले नसते.

मांडवात दीडशे माणूस. एवढ्यांना सांगायचं कसं? डीजेवाल्याने न मागता माईक माझ्या हातात दिला. मी शाळेतला सराईत आवाज लावला.

"मंडळी, नमस्कार. आपल्या सगळ्यांना एक विनंती आहे. दोन मिनिटं सर्वांनी शांत राहायचं. खुर्च्यांवर बसू नका, उभेच राहा." प्लास्टिकच्या खुर्च्या करकरतात हो, म्हणून. "मोबाइल बंद ठेवा. हौसाआजींसाठी एवढं करा."

पहिल्या रांगेत वाडीतले निवृत्त गुरुजी होते. ते उठले, टोपी काढली, हात सरळ खाली सोडले आणि मान झुकवली. त्यांचं बघून दुसऱ्याने टोपी काढली, मग तिसऱ्याने. बघता बघता दीडशे माणूस मान खाली घालून उभं. बायकांनी पदर डोक्यावर घेतले.

मी थक्क झाले. माझ्या वर्गात तीस वर्षांत कधी एवढी शिस्त लागली नाही. मी मनात म्हटलं, ज्योती, तुझ्या वाणीत काहीतरी जादू आहे. मिस्ड कॉल टाकला आणि घड्याळ बघत उभी राहिले.

अर्धं मिनिट झालं असेल, आणि मथुराताईंना हुंदका आला. मुलीची हळद, आईचं काळीज, मला कळलं. पण माझी दोन मिनिटं! मी त्यांच्याकडे वळून हळूच म्हटलं, "मथुराताई, रडायचं ते नंतर हो, दोन मिनिटं कळ काढा." त्यांनी पदराचा बोळा तोंडात कोंबला. तिकडे एक आजोबा नाक ओढायला लागले. त्यांनाही म्हटलं, "बाबा, नाक नंतर."

दोन मिनिटं संपली. गुरुजी खोल आवाजात म्हणाले, "ओम शांती." मी म्हटलं, काय आध्यात्मिक गाव आहे.

"धन्यवाद, मंडळी," मी म्हटलं. "फार छान झालं. आमचं काम झालं. आता चालू द्या तुमचा डान्स."

कुणी हललं नाही. सगळे माझ्याकडे असे बघत होते, जणू मी कुणाच्या पानात थुंकलेय. डीजेवाला वायरी गुंडाळायला लागला. एका बाईने हळदीचं ताट उचलून आत नेलं. सविता आईच्या गळ्यात पडली आणि दोघींनी जो टाहो फोडला!

काशिनाथभाऊ फोनवर बोलत होते. निफाडहून नवऱ्याकडची मंडळी उष्टी हळद घेऊन जीपने निघाली होती. नवऱ्याला लागलेली हळद आली की मगच नवरीला लावायची. "व्याही, माघारी फिरा," भाऊ म्हणत होते. "न्हाय, आता लग्न कशाचं... सुतक पडलं आमाला."

मी गुरुजींना विचारलं, "अहो, कुणाचं सुतक?"

गुरुजींनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "बाई, खबर तुम्हीच आणलीत."

मग माझ्या डोक्यात एकेक करून सगळं उतरलं. आजी सकाळी आमच्याबरोबर वर गेल्या. मी एकटी परत आले, रडत, मातीने माखलेली. हातात त्यांच्या चपला. आल्या आल्या दीडशे माणसांना उभं करून दोन मिनिटं शांतता पाळायला लावली. अहो, शाळेपासून आपल्याला ही एकच गोष्ट कशासाठी शिकवतात? माझ्या जागी तुम्ही असता आणि त्यांच्या जागी मी असते, तर मीही टोपी काढली असती.

"आजी जिवंत आहेत!" मी ओरडले. "धडधाकट आहेत! आमचं शूटिंग चाललंय वर!"

"बाईला धक्का बसलाय," कुणीतरी म्हणालं. "कांदा आना."

आणि खरंच हो, दोन बायकांनी मला खाली बसवून फोडलेला कांदा नाकाला लावला. आता नाशिकचा कांदा तो, डोळ्यांतून पुन्हा धारा. मी जितकं "आजी जिवंत आहेत" म्हणायचे, तितका कांदा जवळ यायचा. एक बाई माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "व्हतं असं. माझा बाप गेला तवा मीबी असंच म्हनत व्हते."

तोवर चार माणसं खांद्यावर बांबू घेऊन डोंगर चढलीसुद्धा. वैशालीने रेकॉर्डिंगसाठी फोन बंद करून ठेवलेला. जीप नाशिकहून माघारी वळलेली. सविता रडून रडून अर्धी झालेली. मला माझीच इतकी लाज वाटत होती, की तो कांदा स्वतःच हुंगावा असं वाटायला लागलं.

वरचं मला नंतर तन्वीने सांगितलं. ते चौघे पोहोचले तेव्हा आजी वैशालीने बसवलेल्या तशाच होत्या, डोळे मिटून, निश्चल. चौघांनी बांबू खाली ठेवले. एकाने जवळ जाऊन त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. आजींनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, "काय रं, आज लय पाया पडाया लागलास? पैशाची नड हाय का?" तो माणूस जो सुटला, तो थेट झऱ्यात.

पाऊणएक तासाने आजी मांडवात आल्या. पुढे त्या, अनवाणी, तरातरा. मागे चार माणसं रिकामे बांबू घेऊन, त्यातला एक ओलाचिंब. मथुराताईंची पाठ होती तिकडे. त्या छाती पिटत म्हणत होत्या, "देव व्हती माझी सासू, देव! कधी येका शब्दानं दुखवलं न्हाय मला!"

आजी मागे उभ्या राहून ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "पुन्यांदा म्हन. कान गेलेत माझे."

त्यानंतर मांडवात जे झालं ते मला सांगता येणार नाही. काही किंचाळले, काही हसले, मथुराताई सासूला मिठी मारून पुन्हा रडल्या. निफाडवाल्यांचा विश्वास बसेना, तेव्हा त्यांना व्हिडिओ कॉल लावला. आजी फोनमध्ये तोंड घालून म्हणाल्या, "जित्ती हाय म्या. हळद घिऊन या बिगी बिगी, न्हायतर आता खरंच मरंल कोनीतरी." हे म्हणताना त्या माझ्याकडे बघत होत्या.

उष्टी हळद आली. सविताने पहिलं बोट आजींच्या गालाला लावलं. कुणीतरी कुजबुजलं, "विधवा बाईला?" आजी म्हणाल्या, "ती विधवा मेली दुपारी. शांतता पाळली की तुमी समद्यांनी. ही नवी हाय, लाव गं." मी तेव्हा रडले, आणि ते सनस्क्रीनमुळे नव्हतं. उरलेली हळद सगळी माझ्या डोक्यावर ओतली गेली. ती मात्र प्रेमाने नव्हती.

परतताना गाडीत मी वैशालीच्या शेजारी बसले. मी म्हटलं, "अगं, घोळ झाला खरा, पण दोन मिनिटं मिळवून दिली ना? दीडशे माणसांपैकी एकाने चूं केलं नाही." तिने हेडफोन माझ्या कानांवर चढवले.

पाणी झुळझुळत होतं. पानं सळसळत होती. एक पाखरू इतकं गोड बोललं की मी डोळे मिटले. अर्धं मिनिट निर्मळ गेलं. आणि मग सगळ्या डोंगरकड्यांवर आपटत, घुमत, माझा आवाज आला: "मथुराताई... ताई... ताई... रडायचं ते नंतर हो... हो... हो..." पाठोपाठ, "बाबा, नाक नंतर... नंतर... नंतर..."

माईक हो! हळू बोलले होते, पण डीजेचा माईक हातातच होता, आणि कर्णे डोंगराकडे तोंड करून. आवाजाचं काम माझ्याकडे होतं हे पुन्हा सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी लग्न, म्हणजे पुन्हा डीजे. तिसऱ्या दिवशी सोमवार. शनिवारी डीजे थांबल्यावर खालून रडारडच वर येत होती, आता दुसरा तुकडा मिळायला वेळच नव्हता, तोच लावावा लागला. शेवटच्या दृश्यात झरा दिसतो, आजी दिसतात, आणि वैशाली निवेदनात म्हणते, "इथे माणसाचा आवाज पोहोचत नाही." हे वाक्य काढून टाक म्हणून मी तिच्या हातापाया पडले. तिने काढलं नाही, उलट पुढे आणखी एक जोडलं: "ज्योतीचा पोहोचतो."