मामाजींची गाडी आपोआप न्यूट्रल व्हायची

पहिलेच सांगून ठेवतो. भूत, भानामती, अंगात येणं, असल्या भानगडीत मी कधी पडलो नाही. तिरोड्याजवळच्या एका गावात माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरची मोटर जळली की लोक म्हणतात, नजर लागली. मी म्हणतो, व्होल्टेज कमी होतं आणि तू स्टार्टर बायपास करून ठेवला होतास. बहुतेक वेळा मीच बरोबर निघतो. त्यामुळे हे वाचून कुणी मला "काय, तुमचाही विश्वास बसला का?" असं विचारू नये. बसला नाही. पण उत्तरही सापडलं नाही, आणि त्याचीच चिडचिड होते. शेवटी बायको म्हणाली, "लिहून टाका कुठेतरी एकदाचं, माझं डोकं नका खाऊ." म्हणून लिहितोय.

गाडी आमच्या मामाजींची. आईचे मोठे भाऊ. मरून टाकीची जुनी मोटरसायकल, हँडलला लाल-पिवळे गोंडे, आणि सीट एवढी दबलेली की मागे बसणारा आपोआप पुढे घसरून यायचा. मामाजींनी आयुष्यभर एकच उद्योग केला — सोयरिकी जुळवणं. फुकटात. चहा-पोह्यांवर. या गावचा पोरगा, त्या गावची पोरगी, मध्ये मामाजी. आमच्या भागात ही गाडी एखाद्या दारात उभी दिसली की शेजारचे समजून जायचे, या घरी स्थळ आलं.

त्यांची एक पद्धत होती. घर बरंच दूर असतानाच ते गाडी न्यूट्रल करायचे आणि आवाज न करता घरंगळत दारात नेऊन उभी करायचे. म्हणायचे, "सांगून गेलं का घर आपल्यासाठी सजून बसते. न सांगता जा, मंग दिसते सासू सुनेशी कशी बोलते ते."

दिवाळीनंतर मामाजी अचानक गेले. तेरवी झाली तशी मामी म्हणाली, "घेऊन जा बापा गाडी. इथं उभी राहून गंजून राहिली, आन् मले रोज दिसते."

आणली. आणि तिथून माझ्या मागे साडेसाती लागली.

गाडीला दोन रोग होते. एक, कार्ब्युरेटरच्या खालच्या नळीतून पेट्रोल गळायचं. दोन, तिसऱ्या गिअरवर मस्त चालता चालता ती सुटायची. इंजिन नुसतंच बोंबलायचं आणि मीटरवर न्यूट्रलचा हिरवा दिवा लागायचा. यात आश्चर्य काही नाही, जुन्या गाडीत हे होतंच. मी कार्ब्युरेटर उघडला. पेट्रोल अडवणारी बारकी सुई झिजली होती, ती बदलली. पेट्रोल कॉकचा वॉशर बदलला. क्लचची केबल नवीन. तरी गिअर सुटतो म्हणून इंजिन खोलून गिअरचा सेटच नवा टाकला. महिनाभर रोज दुकानात गाडी नेली-आणली. थेंब गळला नाही, गिअर सुटला नाही. मी मिशीला पीळ देत फिरत होतो.

आता होमराजचं सांगतो. माझा धाकटा भाऊ. चौतिशी गाठली, धानाची शेती करतो, कष्टाळू आहे, दिसायला माझ्यापेक्षा बरा. पण लग्न जमत नव्हतं. शेती करणाऱ्याला आजकाल कोण पोरगी देतो? पाहुणे येतात, वावर पाहतात, विहीर पाहतात आणि जाता जाता विचारतात, "नोकरी नाही का जी कुठं?" झालं. मामाजी होते तोवर आईला धीर होता. ते गेले तसा होमराजनंही धीर सोडला. एक दिवस जेवताना म्हणाला, "दादा, या सीझनमध्ये नाही जमलं तर मी पुण्याला जातो. कंपनीत गार्डची ड्युटी मिळून राहिली. वावर ठेक्यानं देऊन टाक." आई ताटावरून उठून गेली. या पोराला दोन दिवस तालुक्यात राहावं लागलं तरी झोप येत नाही, हा पुण्यात काय करणार? मला आतून फार वाईट वाटलं. मी त्याच्यावरच ओरडलो. माझं हे असंच आहे.

बोदलकशाच्या तळ्यापलीकडचं एक स्थळ सांगून आलं. होमराजला मागे बसवलं, निघालो. तळ्याच्या थोडं अलीकडे तिसऱ्या गिअरवरून गाडी सुटली. हिरवा दिवा लागला. पेट्रोलचा भपकन वास आला आणि गाडी घरंगळत जाऊन बरोब्बर एका दारात उभी राहिली. ब्रेकही मी दाबला नव्हता.

घरातून एक म्हातारे हात जोडत बाहेर आले. "या जी, या! मामाजी गेले पण तुम्ही काम चालू ठेवलं, बरं केलं!"

"अहो, गाडी बिघडली जी आमची. आम्ही पाहुणे नाही."

"सारे पयले असंच म्हणतात," म्हातारे म्हणाले आणि पाय धुवायला पाणी आणायला सांगितलं.

त्या घरात पोरगी नव्हतीच. पोरगा होता. लग्नाचा. त्याला घाईघाईनं नवा शर्ट घालून आमच्यासमोर खुर्चीवर बसवलं. शर्टाच्या कॉलरमधला पुठ्ठा तसाच होता. सगळं घर आमच्या तोंडाकडे पाहत होतं, म्हणून होमराजला विचारावंच लागलं, "शेती किती जी तुमची?"

तो बिचारा खाली मान घालून म्हणाला, "शेती आहे, पण नोकरी पाहून राहिलो." होमराजच्या डोळ्यात पाणी यायचं बाकी होतं.

पोहे खाऊन, चहा पिऊन, "कळवतो" सांगून सुटलो, तोवर ऊन उतरलं होतं. ज्यांच्याकडे जायचं होतं त्यांनी फोनवरच सांगितलं, वेळ न पाळणाऱ्या घरात पोरगी द्यायची नाही.

घरी येऊन मी कार्ब्युरेटर पुन्हा उघडला. आत कचरा नाही, सुई जागच्या जागी. बायको दारात उभी राहून पाहत होती. म्हणाली, "तुम्ही एकटे जाता तेव्हा काही होत नाही. भाऊजी मागे बसले का मंगच गाडी सुटते."

"वजनानं होत असेल," मी म्हणालो.

मी माणूस शास्त्राचा. होमराजच्या वजनाएवढं तांदळाचं पोतं मागे बांधलं आणि त्याच रस्त्यानं बोदलकशापर्यंत जाऊन आलो. येताना त्या म्हाताऱ्यांच्या घरासमोरून मान खाली घालून गेलो. गाडी लोण्यासारखी चालली. घरी आल्यावर बायकोनं पोत्याला विचारलं, "पसंत पडली का जी?" मी जेवलो नाही त्या दिवशी.

रागारागात एक काम मात्र केलं. न्यूट्रलच्या दिव्याची वायर इंजिनजवळ कापली आणि टोकावर टेप गुंडाळून टाकली. गाडी गिअरमध्ये असताना दिवा न्यूट्रल सांगतो? खोटं बोलणारा दिवा पाहिजेच कशाला!

मग दवनीवाड्याचं स्थळ आलं. चांगलं घर, पोरगी बारावी झालेली, आणि बापानं स्वतःहून सांगितलेलं, आम्हाला शेतकरी चालतो. असं वाक्य आम्ही वर्षानुवर्षं ऐकलं नव्हतं. आईनं देवापुढे नारळ ठेवला. होमराज मला म्हणाला, "दादा, आपण बसनं जाऊ. हात जोडतो तुले."

"बसनं? मी गाडी नीट केली आहे!" मी म्हणालो. अख्खा कार्ब्युरेटरच नवीन टाकला होता. आता माघार घेतली असती तर गावात तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

भर दुपारी निघालो. दवनीवाडा थोडंसंच राहिलं होतं. एका लहान गावातून जाताना तिसऱ्या गिअरवरून गाडी सुटली. आणि मीटरवर हिरवा दिवा लागला.

मी पुन्हा सांगतो — वायर कापलेली होती. मी स्वतः कापली होती. भर उन्हात तो दिवा मला दिसला, आणि मागून मान काढून होमराजलाही दिसला. तो म्हणाला, "दादा, दिवा." मी म्हणालो, "मले दिसून राहिला, गप बस."

गाडी घरंगळत एका अंगणात शिरली आणि उभी राहिली. खालून पेट्रोल टपटप, टपटप. अंगणात एक बाई लाखोरीची डाळ वाळत घालत होती. तिशीची असेल. तिनं आमच्याकडे पाहिलंच नाही, गाडीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"मामाजींची गाडी हाये न जी हे?"

"हो. पण आम्ही..."

"लय उशिरा आले तुम्ही. मामाजी म्हणाले होते, धान निघाले का येतो. धान निघाले, आन् मामाजीच गेले. मी समजली, राहिलं आता."

"बाई, आम्ही दवनीवाड्याला जाऊन राहिलो. गाडी गळून राहिली म्हणून—"

"थे दिसून राहिलं मले. जरा तिकडे घ्या, डाळीले वास लागन."

तिचे वडील बाजेवरून उठून आले. त्यांना कमी ऐकू यायचं. काही न विचारता त्यांनी होमराजसमोर पाण्याची बकेट ठेवली. मी होमराजला डोळ्यांनी खुणावलं. एकदा पाय धुतले की आपण पाहुणे झालो, मग उठता येत नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि पाय धुतले. गाढव!

मी तिथेच खाली बसून कार्ब्युरेटर उघडला. कान मात्र पडवीत होते. तिचं नाव वनिता.

"पयलेच सांगते," ती म्हणाली. "माझी फारकत झाली आहे. मागून कोणाकडून समजलं म्हणून पाहुणे उठून गेले, असं झालं आहे. तुम्हाले उठायचं असन तर चहा ठेवायच्या आधी उठा."

"मी शेतीच करतो," होमराज म्हणाला. "माझ्याकडूनही उठून गेले लोक."

"किती?"

"मोजणं सोडून दिलं."

ती हसली. मग विचारलं, "दारू?"

"नाही."

"आईसमोर बायकोची बाजू घेता येते?"

होमराजनं माझ्याकडे पाहिलं. मी कार्ब्युरेटरमध्ये डोकं घातलं. "आईसमोर मले माझीच बाजू घेता येत नाही," तो म्हणाला, आणि दोघंही मोठ्यानं हसले. भावाला असं हसताना मी कधी पाहिलं होतं, मला आठवेना.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. दवनीवाड्याचा. आवाज इकडेपर्यंत ऐकू येत होता. "कुठपर्यंत आले जी? पोहे थंडे होऊन राहिले!"

मी हातानं खुणा केल्या, सांग, निघालो, आत्ता येतो. हातात सुई होती, ती मातीत पडली. होमराजनं एकदा वनिताकडे पाहिलं. ती डाळीकडे पाहत होती, पण तिचा हात थांबला होता.

"माफ करा जी," होमराज फोनवर म्हणाला. "आमचं येणं होत नाही. आम्ही पोचलो."

सुई मातीतून शोधली, पुसली, बसवली. पहिल्या किकला गाडी सुरू झाली. गळती नाही, दिवा नाही. वायरचं टोक पाहिलं. टेप गुंडाळलेलीच होती.

तिसऱ्या दिवशी आईनं विचारलं, "डाळ घरचीच होती का तिच्याकडली?" मी समजलो, जमलं. उन्हाळ्यात लग्न झालं. पुण्याचं नाव पुन्हा घरात निघालं नाही. होमराज आता आईसमोर बायकोची बाजू घेतो, स्वतःची अजून नाही.

परवा वनिता ओसरीत बसून भाजी निवडत होती. मी सहज विचारलं, "मामाजी तुझ्यासाठी कोणतं स्थळ आणणार होते, काही बोलले होते का?"

"बोलले होते ना. तिरोड्याकडला शेतीवाला पोरगा, म्हणाले. लय चांगला. फक्त त्याच्या भावाची कटकट आहे."

"कसली कटकट?"

ती खाली पाहून हसू दाबत म्हणाली, "त्याले माणसानं सांगितलेलं पटत नाही म्हणे. मशीननं सांगितलं तरच पटते. म्हणे, पाहतो मी, काहीतरी करतो त्याचं."

आतून बायकोचा हसण्याचा आवाज आला. मी पाना घेतला आणि गाडीकडे गेलो. तेव्हापासून कार्ब्युरेटर कितीदा खोलला, गिअरबॉक्स खोलला, वायरिंग पूर्ण तपासलं. कुठेच काही नाही. तुमच्यापैकी कुणाला खरं तांत्रिक कारण माहीत असेल तर जरूर कळवा. फक्त "मामाजी" असं लिहून पाठवू नका. ते घरात सगळे रोज म्हणतातच.