काटा तीसवर होता

तळ्यावर स्की शिकायला येणारे सगळे तिला आत्या म्हणत. खरं तर ती एकाचीच आत्या, बोटीच्या मालकाच्या मुलाची. पण तो लहान असताना धक्क्यावर उभा राहून "आत्या, मला पण!" म्हणून इतका कोकलायचा, की ते नाव सगळ्या तळ्याचं झालं. आत्याने लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "बोट चालवणारी बायको चालेल असा कुणी फिरकलाच नाही इकडे." राहायची दादाच्याच घरी, मागच्या खोलीत. शाळा दादाची, बोट दादाची, पण सुकाणू वर्षानुवर्षं हिच्या हातात.

बोट जुनी होती. सीटचं रेक्झिन जागोजागी फाटलेलं, रंग उडालेला. इंजिन मात्र आत्याने जिवापाड जपलं होतं. दादाची एकच शिस्त होती. "वेगाच्या काट्याकडे बघायचं. मनाने चालवायचं नाही." बोटीला बांधलेली दोरी धरून नवखा माणूस पाण्यावर उभा राहतो तेव्हा त्याला ताशी तीसचा वेग पुरतो. त्याहून जास्त झाला की त्याची धांदल उडते.

त्या दिवशी दोरीला चष्मेवाली होती. बाजारात तिचं चष्म्यांचं दुकान. चाळिशी ओलांडल्यावर स्की शिकायचं खूळ डोक्यात घेतलेली, हसरी बाई. भाचा बोटीत मागे तोंड करून बसला होता. मागच्या माणसाच्या खुणा चालवणाऱ्याला सांगायच्या, हे त्याचं काम.

"आत्या, हळू म्हणतायत त्या!" तो ओरडला.

आत्याने काट्याकडे पाहिलं. तीस. वारा रोजच्यापेक्षा जोरात तोंडावर येतोय असं तिला वाटलं खरं. पण काटा तीसवर होता.

"आधीच हळू आहे. घाबरल्यात त्या," ती म्हणाली.

वळणावर चष्मेवाली उडाली. एक स्की निघाली, दुसरी पायातच राहिली आणि गुडघा पार पिळला गेला. तिला बोटीत ओढून घेताना ती ओरडलीसुद्धा नाही, नुसती आत्याचा दंड घट्ट धरून राहिली.

धक्क्यावर माणसं जमली. दादाने सगळ्यांसमोर तोंड सोडलं. "हिचं वय झालंय आता. मलाच आधी कळायला हवं होतं." आत्यालाही तसंच वाटायला लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच बोट घेऊन तळ्याच्या मध्यावर गेली. मोबाईलवर वेग दाखवणारं ॲप असतं, ते तिने सुरू करून समोर ठेवलं. काट्याने तीस दाखवले तेव्हा मोबाईल पंचेचाळीस दाखवत होता. तिने बोट धक्क्याकडे वळवली.

मग बोट शेडमध्ये ओढून घेतली. जुन्या बोटीत हा काटा वायरवर चालत नाही, पाण्याच्या दाबावर चालतो. बोटीच्या मागे, खाली एक बारीक तोटी असते. बोट पळाली की तिच्या भोकात पाणी घुसतं, त्याचा दाब लांब नळीतून पुढे येतो आणि काटा ढकलतो. भोकात शेवाळ अडकलं असेल, म्हणून आत्याने आधी तार घालून पाहिली. भोक स्वच्छ होतं. मग काट्याच्या मागून नळी सोडवली, कारण जोडलेली असताना हवा मारली तर काटाच कामातून जातो. हवा मारली. पलीकडे तोटीतून जेमतेम फुंकर आली. म्हणजे हवा वाटेतच कुठेतरी निसटत होती. तिने तोटीपासून काट्यापर्यंत वरच्यावर नवी नळी जोडली आणि पुन्हा फेरी मारली. काटा आणि मोबाईल एकच बोलू लागले.

उरली जुनी नळी. हाताने चाचपत चाचपत ती डॅशबोर्डच्या मागे पोचली आणि हाताला ओल लागली. बॅटरी लावून पाहिलं. गाण्यांसाठी बसवलेल्या नव्या स्पीकरचा स्क्रू थेट नळीत घुसला होता. स्पीकर भाच्याने बसवला होता, आठवड्याभरापूर्वी, मोठ्या हौसेने.

तिने दादाला बोलावलं. त्याने वाकून पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "कुणाला सांगितलंस?"

"तुलाच."

"मग इथेच राहू दे. पुढच्या महिन्यात त्याला बोटीचा परवाना मिळायचाय. हे बाहेर गेलं तर त्याचं आयुष्य फुकट जाईल. तुझं काय जाणार आहे?"

"माझं नाव जातंय, दादा."

"त्या हळू म्हणत होत्या आणि तू हळू केलं नाहीस, हे तर खरं ना?"

तिने नळी बदलली, स्पीकर काढून ठेवला आणि तोंड मिटलं.

परवाना मिळाला तसं सुकाणू भाच्याकडे गेलं. आत्या लाइफ जॅकेटं वाळत घालू लागली. भाचा तिच्या नजरेला नजर देत नसे. वहिनी मात्र एकदम गोड झाली. आल्यागेल्याला सांगायची, "वन्संच्या हातून झालं हो, पण आम्ही त्यांना काही म्हणजे काही बोलत नाही." एकदा असंच बोलून पाहुणी गेली आणि आत्याला राहवलं नाही.

"वहिनी, माझ्या हातून नाही झालं. नळीला भोक होतं. स्पीकरचा स्क्रू."

वहिनी कपबशा गोळा करत राहिली. "ठाऊक आहे मला. ह्यांनी त्याच दिवशी सांगितलं."

"मग तरी?"

"पोरगा माझा आहे, वन्सं."

आत्या तशीच चपला घालून बाजारात गेली. चष्मेवाली दुकानात स्टुलावर बसली होती, पाय समोर खुर्चीवर, गुडघ्याला पट्टा. आत्याने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. नळी, स्क्रू, दादा, सगळं.

चष्मेवालीने शांतपणे ऐकून घेतलं. "एवढ्या दिवसांनी का सांगताय? घरात काही वाजलं का?"

"खरं आहे म्हणून सांगतेय."

"अहो, मी रागावले नाही तुमच्यावर. वयाने होतं असं. बसा, डोळे तपासते. पैसे नाही घेणार."

काय वाटलं कोण जाणे, आत्या बसली. भिंतीवरची अक्षरं तिने अगदी खालच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचली. चष्मेवालीने दिवा बंद केला.

"मी 'हळू, हळू' म्हणत होते," चष्मेवाली म्हणाली.

"हो. तेवढं माझंच," आत्या म्हणाली.

त्याच महिन्यात तिने दादाचं घर सोडलं. आता ती तळ्याच्या पलीकडे एका लाँड्रीच्या वर खोली घेऊन राहते आणि तळ्यातली वेल काढणारी सरकारी बोट चालवते. दिवसभर पाणवेलीचे ओले ढीग आणि त्यांचा कुबट वास.

मागे एकदा दादा आला. इंजिन पूर्वीसारखं उचलत नाही, भाच्याला काही उमजत नाही, एकदा येऊन बघशील का, म्हणाला. आत्याने चहा ठेवला, त्याची नि वहिनीची तब्येत विचारली, खुर्ची जरा खिडकीकडे सरकवून दिली. इंजिनाबद्दल ती एक शब्द बोलली नाही. दादा अर्धा चहा तसाच टाकून उठला, आणि तिने त्याला थांबवलं नाही.