सिद्धोधनला झेपेल असा डोंगर

राग तसा बबिताच्या नाकावरच असायचा, पण नवऱ्याच्या पायांवर ती जेवढी चिडली तेवढी जन्मात कशावर चिडली नसेल. पाय धडधाकट होते हो. माणूस त्रेपन्नचा, शाळेत कारकून, साखर नाही, बीपी नाही. पण डोंगराचं नाव काढलं की सिद्धोधनला आठवायचं, छत्रीची काडी मोडलीय, चपलेचा अंगठा तुटलाय, आणि आभाळ तर बघ कसं भरून आलंय. भरून येणारच की! पावसाळ्यात आभाळ भरणार नाही तर काय उन्हाळ्यात भरणार?

राणीसावरगावच्या अलीकडं, बालाघाटच्या उतरणीला त्यांचं गाव. तिन्ही अंगांनी टेकड्या. बबिता गावात अंगणवाडीची ताई, पण त्याआधी नऊ वर्षं ती पोलिओच्या डोसांचा डबा खांद्याला लावून डोंगरातले तांडे फिरली होती. पायांना चढाची सवय लागली ती लागलीच. गावात नेमणूक झाली आणि पाय घरात बसले, तशी तिची चिडचिड वाढली. इकडचे डोंगर वर्षातले आठ महिने करपलेले असतात. हिरवे होतात ते पावसात. म्हणजे फिरायचं तर भिजतच फिरायचं.

एकदा ती एकटीच गेली होती. खाली उतरेपर्यंत सिद्धोधनला शाळेत तीन फोन आले, की घरात काही झालं का, वहिनी डोंगराकडं गेल्यात. बाईमाणूस एकटं डोंगर चढतं ते जीव द्यायलाच, असं ज्यांच्या डोक्यात बसलंय त्यांच्याशी काय बोलायचं? तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्या दिवसापासून एवढं ठरलं, की जायचं तर नवऱ्याला घेऊन जायचं.

पहिल्या वर्षी तिनं त्याला महादेवाच्या डोंगराच्या पायऱ्यांनी नेलं. पायऱ्या दगडी आणि श्रावणात शेवाळलेल्या. वीस-बावीस पायऱ्या चढून सिद्धोधनचा पाय सटकला आणि सगळ्या पायऱ्या तो बसल्या बसल्या खाली आला. उठला, पँट झटकली, घरी गेला. त्या पावसाळ्यात पुन्हा त्यानं डोंगराकडं मान वर करून बघितलं नाही. दुसऱ्या वर्षी तळ्याच्या वाटेनं नेलं, तर काळ्या रानात एकेका चपलेला किलो-किलोची ढेपळं चिकटली. पहिल्या बांधावरूनच तो चपला हातात घेऊन माघारी. तिसऱ्या वर्षी वाट चांगली होती, पण मध्ये ओढा. जाताना घोट्याएवढा, येताना कमरेएवढा. पाणी उतरेपर्यंत दोघं पलीकडच्या काठाला दोन तास उभे होते, आणि त्या दोन तासांत सिद्धोधन एक चकार शब्द बोलला नाही.

घरीही तो बोलत नसेच. पेपर, मोबाईल, जेवण, झोप. पोरगी मंजुषा लग्न होऊन लातूरला गेली तेव्हापासून घरात बोलायचं ते एकट्या बबितानं, आणि ऐकायचं ते भिंतींनी. नवऱ्याला दोष देऊन देऊन ती थकली. मग एक दिवस भाकरी थापता थापता तिच्या लक्षात आलं, की आपण वाट निवडतो ती आपल्या पायांनी. जिचा त्रास आपल्याला होत नाही ती वाट सोपी, असं धरून चालतो. स्वतःचा राग आला तिला. भाकरी करपली.

त्यानंतर ती शनिवारी सरपणाच्या निमित्तानं आधी वाट बघून येऊ लागली. डोक्यावर मोळी असलेल्या बाईला कुठं चाललीस म्हणून कुणी विचारत नाही. टाच रोवून बघायची, पाणी साचतं की जिरतं. ओढा आडवा येतो का. आणि शंभर पावलांवर बसायला दगड आहे का, कारण सिद्धोधन शंभर पावलांवर बसणारच, खिशातला पेपर काढून, अंथरून, कलेक्टर बसल्यासारखा. असं बघत बघत तिला तांबडा बरड सापडला, झाड ना झुडूप अशी उघडी टेकडी. निव्वळ मुरूम. रात्रभर पाऊस कोसळू दे, सकाळी चालून आलं तरी चप्पल कोरी. चढ गाईच्या पाठीएवढा. जागोजागी बसायला दगड, आणि वर कुठूनही गाव दिसायचं, त्यामुळं आपण फार लांब आलोय असं त्याला वाटायचं नाही.

सिद्धोधन आला. कुरकुरत आला, पण आला. सात ठिकाणी बसला. आणि सातव्या दगडावर, माथ्यावर, भुरभुर पावसात एका छत्रीखाली बसल्यावर हा माणूस बोलायला लागला. त्याचा बाप दुसऱ्याच्या विहिरी खणायचा आणि आपल्या घरी पाणी लांबून आणायचा, हे बबितानं लग्नाला तेवीस वर्षं झाल्यावर तिथं पहिल्यांदा ऐकलं. पुढच्या रविवारी आणखी काही. खाली आला की पुन्हा तोंडाला कुलूप. चार पावसाळे असे गेले. बबिताला नवरा मिळायचा तो रविवारी, दोन तास, तांबड्या बरडावर.

आणि तो बरड तिनंच घालवला.

झालं असं, की यंदा पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेआधी त्यांच्या गल्लीत शेजारची सुलाबाई चिखलात घसरली आणि तिचा खुबा मोडला. गावात सगळीकडं सिमेंट, यांच्या वस्तीत गुडघाभर राडा. पंधरा वर्षं अर्ज चालले होते. बबिता सभेत उभी राहिली आणि सरपंच दत्ताभाऊला तिनं सगळ्यांदेखत धारेवर धरलं. म्हणाली, तुम्हाला मुरूम कुठं मिळतो हे माहीत नसेल तर मी सांगते. तांबड्या बरडावर जा. भर पावसात पाय भरत नाहीत तिथं. तो मुरूम आणून टाका आमच्या गल्लीत, लाज असेल तर!

दत्ताभाऊ चिडला नाही. हसला, मान डोलावली, ग्रामसेवकाला म्हणाला, लिहून घ्या. दोन मिनिटांत ठराव मंजूर. या वस्तीचं कुठलंही काम इतक्या झटक्यात कधी झालं नव्हतं. तिथंच बबिताला संशय यायला हवा होता. पण बायकांनी टाळ्या वाजवल्या आणि तीही हुरळली.

सप्टेंबरात दोन रविवार झड लागली. तिसऱ्या रविवारी दोघं निघाले, तर बरडाच्या पायथ्याला पोकलेन. तिसऱ्या दगडापासून वरचं सगळं खरवडून नेलेलं, डोंगराचं पोट लालभडक उघडं पडलेलं. सातवा दगड कुठं होता हेही ओळखू येईना. गल्लीत मुरमाच्या आठ गाड्या पडल्या होत्या, ते खरं. इथं मात्र हायवा ट्रकांची रांग लागलेली आणि सगळ्यांची तोंडं हमरस्त्याकडं. दत्ताभाऊ तिथंच छत्रीत उभा होता.

बबिता त्याच्यावर तुटून पडली. गल्लीसाठी मागितला तो मुरूम कुठं चाललाय, कुणाला विकला, डोंगर काय तुझ्या बापाचा आहे का, सगळं विचारलं. ड्रायव्हर खाली उतरून ऐकायला लागले. दत्ताभाऊनं शांतपणे मोबाईल काढून ठरावाचा फोटो तिच्यापुढं धरला. किती गाड्या ते कुठंच लिहिलं नव्हतं. खाली लिहिलं होतं, सूचक : बबिता सिद्धोधन खंदारे.

"तुमीच सुचवलं की ताई," तो म्हणाला. "आमी फकस्त लिहून घेतलं."

तिला तोंडात मारल्यासारखं झालं. तिनं वळून नवऱ्याकडं बघितलं, की हा तरी काही बोलेल. सिद्धोधन छत्री धरून उभा. दोन्ही पाय जोडून, शाळेच्या प्रार्थनेला उभा राहावा तसा.

त्या दिवसापासून बबितानं बोलणं टाकलं. ताट आपटून वाढायची. दत्ताभाऊवर राग होता, स्वतःवर होता, पण सगळ्यात जास्त त्या जोडलेल्या पायांवर होता. सत्तावीस वर्षांचा संसार, त्यातली चार वर्षं या माणसासाठी दगड मोजत फिरले, आणि एका शब्दाची वेळ आली तेव्हा हा खांब झाला. गल्लीतनं जाता-येता चपलेखाली मुरूम वाजायचा आणि तिचं डोकं फिरायचं. सुलाबाईची सून म्हणायची, बरं झालं बाई, आता पाय भरत न्हाईत.

शनिवारी सिद्धोधन शाळेतून उशिरा आला. पँट गुडघ्यापर्यंत हिरवी, कोपर खरचटलेलं. तिनं विचारलं नाही. रविवारी सकाळी पाऊस लागलेला असताना तो आपणहून उठला, पेपर घडी करून खिशात घातला आणि म्हणाला, "चल. वाट बघून आलोय मी."

रागानंच ती निघाली. बघते तर महादेवाच्या पायऱ्या! सिद्धोधन पायऱ्यांच्या कडेच्या भिंतीला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवत चढत होता. जिथं शेवाळ जास्त तिथं त्यानं काल राख टाकून ठेवली होती. एकदाही बसला नाही. माथ्यावर पोचून त्यानं पेपर अंथरला आणि बसला. तिथून समोर तांबडा बरड अख्खा दिसत होता. रविवार असूनही दोन पोकलेन चालू होते.

त्यानं शर्टाच्या आतून प्लास्टिकच्या पिशवीतला कागद काढला. दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेसाठी ठराव. कारकुनाच्या ठसठशीत अक्षरात, गल्लीत किती गाड्या पडल्या आणि ठरावाच्या नावावर किती गेल्या, उपसा ताबडतोब बंद करावा, चौकशी व्हावी. खाली लिहिलं होतं, सूचक : सिद्धोधन मुंजाजी खंदारे. अनुमोदकाची जागा रिकामी होती.

बबितानं कागद दोनदा वाचला. तिचा राग गेला नाही, उलट आणखी चढला.

"त्या दिवशी तोंड शिवलं होतं का तुमचं? तवाच बोलला असता तर अर्धा बरड वाचला असता."

"उभा होतो गं," तो म्हणाला. "मला उभ्यानं बोलता येत न्हाई, बबे. बसलो की येतंय."

ओल्या कागदावर पेन चालेना. तिनं पेनाला शिव्या घातल्या, दत्ताभाऊला घातल्या, नवऱ्यालाही घातल्या, आणि छत्रीखाली गुडघ्यावर कागद धरून सही केली.

"दोन तारखेला सभेत पैल्या रांगेत खुर्ची टाकते तुमच्यासाठी," ती म्हणाली. "बसायचं आन् बोलायचं. न्हाई बोललात तर तिथनं घरी यायचं न्हाई."

तो हो म्हणाला. मग उतरायला निघाले, आणि या खेपेला ती पुढं चालली, म्हणजे तो घसरलाच तर तिच्यावर अडेल.