बांध आणि बांधी

प्रणालीच्या घरचं शेत गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं तेव्हा ती पाळण्यात होती. पुनर्वसनाच्या गावात घरापुरती जागा मिळाली. वडील सुखरामभाऊ धरणात मासे धरायचे. आई दुसऱ्यांकडे रोवण्याला, म्हणजे धान लावायला जायची. दहावीच्या सराव परीक्षेत प्रणाली गणितात थोडक्या मार्कांनी नापास झाली, तसे सुखरामभाऊ शाळेत माझ्याकडं आले.

"म्याडम, हिचं नाव काढून टाका. नागपूरले मावशीकडं धाडतो. कामाले लागन."

"भाऊ, ही खरी परीक्षा नाही. प्रिलिम आहे."

"काठावरच बुडून राहिली, तं डोहात कशी तरन?"

सोमवारपर्यंत थांबा म्हटलं. गणित मीच शिकवायची. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली. दहावीपाशी शाळा सुटलेल्या पोरीचं पुढं काय होतं, हे मला कुणी सांगायला नको.

प्रिलिमचा पेपर आम्ही काढत नव्हतो. पुण्याकडून छापील संच यायचा. हेडसरांना तो आवडायचा, कारण कठीण असायचा. पोरं घाबरली की अभ्यास करतात, असं त्यांचं मत.

मी सगळे पेपर पुन्हा पाहिले. एका गणितात आयताकृती शेताचा कर्ण आणि रुंदी दिली होती. ‘शेताच्या बांधाची लांबी काढा.’ आधी दुसरी बाजू काढायची, मग चारही बाजूंची बेरीज. बहुतेक पोरांनी दुसरी बाजू बरोबर काढली होती आणि तिथंच उत्तर म्हणून रेघ मारली होती.

"सगळे एकाच जागी थांबले?" हेडसर म्हणाले. "कॉपी आहे ही!"

"कॉपी करणारा बरोबर उत्तराची करते, सर."

प्रणालीला बोलावलं. "पुढं काहून नाही केलं गं?"

"बांधाची लांबी इचारली होती नं. काढली."

"बांध म्हणजे काय?"

"बांधी. धानाची."

"आणि बांधीच्या भोवती मातीचं असते ते?"

"धुरा."

मला हसू आलं. आमच्याकडे बांधी म्हणजे धानाचा अख्खा तुकडा. बाकी महाराष्ट्राचा बांध तो आमचा धुरा. ‘बांध’ हे बांधीचंच पुस्तकी नाव असेल, असं पोरांनी धरलं. आणि बांधीची लांबी त्यांनी चोख काढली होती.

हेडसर म्हणाले, "बोर्डाच्या पेपरात धुरा येणार आहे का?"

"नाही. म्हणून उद्या बांध शिकवते. पण न शिकवलेल्या शब्दाचे मार्क गणितात कापणार नाही."

सरांनी प्रणालीचा पेपर पुन्हा पाहिला. मग म्हणाले, "करा दुरुस्ती. पूर्ण वर्गाची करा."

सोमवारी सुखरामभाऊंना प्रणाली पास झाल्याचं सांगितलं. त्यांचा चेहरा आणखी कडक झाला. "दया करून मार्क देल्ले का, म्याडम?"

"दया कायची? तिचं गणित बरोबर होतं. पेपरवाले धुऱ्याले बांध म्हणतात, ते तिले माहीत नव्हतं."

"धुऱ्याले बांध?" ते पोरीकडं वळले. "येडे हायेत का पेपरवाले?"

"त्यायले मासोळ्याईचे नावं तरी कुठं येतात, बाबा," प्रणाली म्हणाली.

ते हसले. "बस मंग मार्चमदी. मावशीले सांगतो मी."

पुढच्या वर्षीपासून प्रिलिमचा पेपर आम्ही शाळेतच काढू लागलो. कठीणच काढतो, पण गणितात कठीण. प्रणाली त्या मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा पहिल्याच खेपेला पास झाली. त्यांच्या घरातली ती पहिली मॅट्रिक.