वाळ्याचं अत्तर

पुण्यातल्या दुकानात विक्रेतीनं विचारलं, “मॅडम, फुलांचा सुगंध हवा, लाकडाचा, की गवताचा?” तिनं हुंगायला दिलेल्या तिसऱ्या कागदी पट्टीला वाळ्याचा वास होता, आणि मी मनानं थेट परभणीच्या अत्तरवाल्यापुढं जाऊन उभी राहिले. माझ्या लग्नाचा बस्ता बांधून आम्ही तिथं शिरलो होतो. मावशी माझ्या वडलांना म्हणाली, “दाजी, तुमच्यासाठी गुलाब घ्या. मांडवात मेंढरांचा वास तरी झाकंल.”

जन्मभर मेंढरं राखलेले आण्णा हसले. “झाकायचा कशाला? त्याच्यावरच लेक मास्तरीण झाली. वाळा द्या. गवताचीच मुळी हाय, मेंढरांसंगं नांदंल.”

सासरी निघताना त्यांच्या छातीशी डोकं टेकवलं, तर दोन्ही वास खरंच एकत्र नांदत होते.

“गवताचा द्या,” मी विक्रेतीला म्हटलं. “माझ्या माहेरचा आहे.”